आवक क्रमांक मिळेपर्यंत खोली सोडू नकोस

(पत्र थोडं आवरून छापलं आहे. नाव, गाव आणि विद्यापीठ पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाळलं आहे.)

ताई, नमस्कार. मी मेळघाटातली, कोरकू आदिवासी. घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. यंदा जिल्ह्याच्या ठिकाणी एका लहानशा विद्यापीठात एम.ए. समाजशास्त्राला प्रवेश घेतला. वर्गात आम्ही सोळा जण. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला होता, पण उत्पन्नाचा दाखला उशिरा हाती आला आणि यादीत नाव लागलं नाही. आता आम्ही चौघी एका भाड्याच्या खोलीत राहतो. माझ्या वाट्याला महिन्याला १,५०० रुपये येतात, डब्याचे २,००० वेगळे. घरमालकीण पावती देत नाहीत. रात्री दहानंतर लाइट दिसला तर मेन स्विच काढीन म्हणतात. शिष्यवृत्तीचा एक रुपया अजून आलेला नाही. बाबांना वाटतं मी होस्टेलवरच आहे, मी खरं सांगितलेलं नाही.

सोबतच्या मुली ‘माझा खोली’, ‘तो भाजी’ अशी माझी नक्कल करतात. त्यांच्या मनात वाईट नसेल, पण मी आता वर्गात तोंडच उघडत नाही. दर शुक्रवारी दुपारी एसटी धरते आणि सोमवारी येते, त्यामुळे शनिवारचे तास बुडतात. रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं सकाळ होऊच नये. ओळखीची दोन मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलीत. मीही तिकडं जाऊ, की सगळं सोडून गावी राहून मुक्त विद्यापीठातून एम.ए. करू? मला कुणाला त्रास द्यायचा नाही.

– एक विद्यार्थिनी, वय २१

प्रिय बेटा,

तुझ्या पत्रात पैशाचं आहे, खोलीचं आहे, भाषेचं आहे. त्या सगळ्यावर बोलू. पण आधी एका वाक्यावर. ‘कधी कधी वाटतं सकाळ होऊच नये.’ हे वाक्य तू दोन साध्या वाक्यांच्या मध्ये ठेवलंस, वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटावं असं. माझ्या नजरेतून ते निसटलेलं नाही.

झोप न लागणं, माणसांत बोलावंसं न वाटणं आणि सकाळ नको वाटणं, हे तिन्ही एकत्र आलं की त्याला नुसती घरची आठवण म्हणू नये. आज रात्री, हे वाचून झाल्यावर, १४४१६ हा नंबर लाव. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडचा माणूस तुला ओळखत नसतो. पहिल्यांदा बोलायला अशा वेळी अनोळखी माणूस बरा पडतो. काय बोलू असं वाटलं तर मला लिहिलेलं वाक्यच वाचून दाखव, तेवढं पुरतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिथंही एकदा जाऊन ये. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार अधिक ठळकपणे मनात येत असेल, तर सकाळची वाट बघू नकोस. शेजारी झोपलेल्या मुलीला उठव. नक्कल करणारी असली तरी उठव. एकवीस वर्षांची पोरगी मध्यरात्री हलवून उठवल्यावर नक्कल करत नाही, हे मी बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात पाहिलं आहे.

आता त्या बावीस वर्षांतली एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय माझा सल्ला तुला नुसता उपदेश वाटेल.

मी रेक्टर होते त्या वसतिगृहात एका वर्षी एक मुलगी होती, सातपुड्याकडची. खोलीतली सगळ्यात शांत. कधी तक्रार नाही, कधी उशीर नाही, मेसमध्ये कधी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. पौषात एका सकाळी पेटी घेऊन ऑफिसात आली आणि म्हणाली, ‘बाई, मी जाते.’ कारण विचारलं तर म्हणाली, घरी काम आहे. मी रजिस्टर काढलं, ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं आणि तिची सही घेतली. दोन महिन्यांनी कळलं की तिची अडचण मेसच्या थकलेल्या बिलाची होती, आणि बिल थकलं होतं शिष्यवृत्ती अडकली म्हणून. शिष्यवृत्ती अडकली होती ती बँकेतल्या एका साध्या नोंदीमुळं. एका दुपारचं काम होतं ते. तिनं मला सांगितलं नाही, कारण तिला मला त्रास द्यायचा नव्हता. आणि मी विचारलं नाही, कारण जी मुलगी त्रास देत नाही तिच्याकडं लक्ष जात नाही. ती पुन्हा शिकायला आली नाही. रजिस्टरमधला तो माझ्या अक्षरातला शब्द मला अजून दिसतो.

म्हणून तुझ्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. ‘मला कुणाला त्रास द्यायचा नाही.’ बेटा, गृहपाल, विद्यार्थी विकास विभागातले कर्मचारी, आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातले बाबू, या सगळ्यांना पगार ज्या कामाचा मिळतो ते काम म्हणजे तुझा अर्ज. तो तू दिलास तर त्यांचं काम सुरू होतं. न दिलास तर त्यांच्या दप्तरी तू नाहीसच.

आपल्याकडं वसतिगृह ही गोष्ट कुणाच्या मेहरबानीतून उभी राहिलेली नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं एकेका समाजासाठी इतकी वसतिगृहं झाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. गावाकडच्या पोराला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला निजायला जागा आणि खायला भाकरी लागते, हे त्या राजाला कळलं होतं. साताऱ्याच्या भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात एकदा मुलांसाठी धान्य उरलं नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडायला दिलं. दुसऱ्यांची पोरं होती ती. आज तू ज्या खिडकीपाशी जायला लाजतेस, ती खिडकी त्या बाईच्या मंगळसूत्राच्या पुण्याईवर उघडी आहे. तिथं ताठ मानेनं जा.

आता पैशाचं. यादीत नाव लागलं नाही म्हणून तू स्वतःला कमी समजते आहेस, पण नेमक्या याच अवस्थेसाठी एक योजना आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना म्हणतात तिला. अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि जो परगावी भाड्यानं राहून शिकतो, त्याच्या खात्यावर जेवणाचे, राहण्याचे आणि वरखर्चाचे पैसे थेट येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ही रक्कम वर्षाला ४३,००० रुपये ठरवलेली होती: जेवणाला २५,०००, राहण्याला १२,०००, निर्वाहाला ६,०००. शासन निर्णयानं आकडे बदलतात, तेव्हा अर्ज भरताना यंदाचा आकडा विचारून घे. तुझा हिशेब मांडून पाहिला. खोली आणि डबा मिळून महिना ३,५०० रुपये, दहा महिन्यांचे ३५,०००. म्हणजे ज्या खर्चापायी तू घरी परत जायचं म्हणतेस तो या योजनेत बसतो.

अर्ज आदिवासी विकास विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा असतो आणि तुझं विद्यापीठ ज्या प्रकल्प कार्यालयाच्या हद्दीत येतं ते कार्यालय तो तपासतं. ते कोणतं हे आधी विचारून घे, उगाच धारणीला जाऊन हेलपाटा घालू नकोस. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक आणि भाड्यानं राहत असल्याचा पुरावा, एवढं तरी हाताशी ठेव. वसतिगृहासाठी तू केलेल्या अर्जाची प्रत सगळ्यांच्या वर लाव; जागा मागितली होती आणि मिळाली नाही, हे तिच्यावरून दिसतं. मुदत उलटली असं कुणी म्हणालं तर तेही लेखी माग. तोंडी ‘नाही’ घेऊन परत यायचं नाही.

लेखी हा शब्द मी मुद्दाम धरून बसले आहे. सरकारी कचेरीत बोललेलं हवेत जातं. अर्जाच्या दोन प्रती कर, एक तिथं दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, म्हणजे अर्ज त्यांच्या नोंदवहीत चढल्याचा क्रमांक, घे. पोच देत नसतील तर खुर्चीवरून उठू नकोस, नम्रपणे बसून राहा. तुझ्यासारख्या शांत मुलीला ही बसून राहण्याची कला छान जमेल.

शिष्यवृत्तीचं वेगळं बघावं लागेल. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन कर आणि अर्ज कुठं थांबला आहे ते पाहा. तो आधी महाविद्यालयाच्या, म्हणजे तुझ्या बाबतीत विद्यापीठाच्या टेबलावर असतो, मग विभागाच्या. विद्यापीठाच्या टेबलावर अडकला असेल तर काम सोपं आहे, तो कर्मचारी तुझ्यापासून दोन इमारती पलीकडं बसतो. अर्ज मंजूर दिसतोय पण पैसे नाहीत, असं असेल तर बँकेत जा आणि एकच प्रश्न विचार: माझं आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे? नुसतं लिंक आहे का असं विचारू नकोस. सरकारी पैसा तू अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नसतं. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी जी संस्था, तिच्या नोंदीत आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथं तो जातो. आश्रमशाळेत असताना उघडलेलं, वर्षानुवर्षं न वापरलेलं एखादं खातं पुष्कळ मुलामुलींचं असतं. ते बंद पडलेलं असलं की पैसे परत जातात आणि आपण इकडं नशिबाला बोल लावत बसतो. माझ्या त्या पौषातल्या मुलीचं हेच झालं होतं.

सरकारी पैसा हप्त्यांनी येतो आणि उशिरा येतो, हेही धरून चाल. मधले तीन-चार महिने कसे काढायचे? विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का ते विद्यार्थी विकास विभागात विचार. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागेत काम करणं, असं दिवसाचे दोन-तीन तास काम असतं आणि तासावर मानधन मिळतं. फार पैसे होत नाहीत, पण डब्याचा मोठा भाग सुटतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुला तिथं एक खुर्ची मिळते. ग्रंथपाल तुला नावानं ओळखायला लागतात. परक्या गावात आपलं नाव कुणी तरी घेणं याची किंमत तासाच्या दरात येत नाही.

आणि वसतिगृहाचा नाद सोडू नकोस. दिवाळीनंतर जागा रिकाम्या होतात. कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणी दुसरीकडं प्रवेश घेतं. शासकीय वसतिगृहाच्या गृहपालांना प्रत्यक्ष भेट, प्रतीक्षा यादीत नाव कितवं आहे ते विचार, आणि महिन्यातून एकदा परत जाऊन विचार. मी रेक्टर असताना रिकाम्या झालेल्या कॉटवर आधी त्या मुलीचं नाव आठवायचं जिचा चेहरा गेल्या महिन्यात समोर आला होता. नियम यादीचाच असतो, पण जागा झाल्याचं कळवायला माणूसच लागतो. तुझ्या विद्यापीठाचं स्वतःचं मुलींचं वसतिगृह असेल तर तिथंही स्वतंत्र अर्ज दे. फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ असा रकाना असतो आणि तुझ्यासारख्या मुली तिथंच अडतात, कारण त्या गावात आपलं कुणी नसतं. विभागातल्या ज्या मॅडम तुला जरा जवळच्या वाटतात त्यांना विचार, ‘इथं तुमचं नाव लिहू का?’ असं विचारलेल्या शिक्षिका सहसा नाही म्हणत नाहीत, आणि त्या दिवसापासून तुझ्यावर नजर ठेवायला लागतात.

घरमालकीणबाईंबद्दल. त्यांना वाईट ठरवायची मला घाई नाही. चार मुली ठेवणारी बाई भीत असते; बिल वाढेल म्हणून भिते, शेजारी काय म्हणतील म्हणून भिते. पण पावती तुला लागणारच, स्वयंमच्या अर्जालाही. एकदा चौघींनी मिळून त्यांच्याकडं जा, चहाच्या वेळेला, भाडं हातात घेऊन. म्हण, ‘काकू, शिष्यवृत्तीसाठी कागद लागतो, साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालेल.’ यापुढचं भाडं खात्यावरून पाठव, म्हणजे नोंद राहील. लाइटचं म्हणशील तर दहानंतर एका टेबल लॅम्पची परवानगी माग, आणि त्याचे वर पाच-पन्नास रुपये द्यायची तयारी दाखव. एवढं करूनही त्या मेन स्विचची भाषा बोलल्या तर तुला माहीत असावं म्हणून सांगते: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणं भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायचा अधिकार घरमालकाला नाही, आणि भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारीही घरमालकाचीच आहे. हे पहिल्या दिवशी तोंडावर फेकायचं नाही. पण हे माहीत असलेली मुलगी दारात वेगळी उभी राहते.

आता भाषेवर येते. या एका गोष्टीवर मला तुझ्याशी निवांत बोलायचं आहे, कारण मला वाटतं तुझी झोप जास्त करून इथं उडाली आहे.

‘माझा खोली’ म्हटल्यावर पोरी हसल्या. त्या हसल्या कारण त्यांना माहीत नाही, आणि तू गप्प झालीस कारण तुलाही कुणी सांगितलं नाही. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मराठीच्या घराण्यातलीच नाही. मुंडा भाषांच्या कुळातली ती आहे. तिच्या बहिणी, संथाळी आणि मुंडारी, पार झारखंडाकडं राहतात. त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेला येऊन राहिलेली भाषा म्हणजे तुझी कोरकू. त्या भाषेत नामांची वाटणी सजीव आणि निर्जीव अशी चालते. खोली बाई की बाप्या, हा प्रश्नच तिथं पडत नाही. मराठीत मात्र खोली ती, पलंग तो, दार ते, आणि का याचं उत्तर मराठी माणसालाही देता येत नाही, त्यानं ते आईच्या कडेवर ऐकलेलं असतं. तू घरी कोरकू बोललीस, शाळेत मराठी शिकलीस, हिंदी बाजारात शिकलीस, आणि आता पुस्तकातल्या मराठीत एम.ए. करते आहेस. तुझ्या खोलीतल्या तिघींपैकी कुणी चौथी भाषा सोड, दुसऱ्या कुळातल्या भाषेत एक परिच्छेद तरी लिहून दाखवेल का? हे मी त्यांना टोमणा म्हणून लिहीत नाही. तुझ्या डोक्यात हे पक्कं बसावं म्हणून लिहिते.

त्यांच्याशी बोलायचं कसं? तिघींशी एकदम नको. जी त्यातल्या त्यात मऊ आहे तिला एकटीला गाठ आणि सांग, ‘माझी नक्कल करता ते मला लागतं. चुकलं तर हळूच दुरुस्त कर, पण हसू नकोस.’ बहुतेक वेळा हे इथंच मिटतं. तू स्वतःच म्हणतेस त्यांच्या मनात वाईट नाही. मग त्यांना कळायची एक संधी दे. पण नक्कल थांबली नाही, किंवा तिला समाजाचा, गावाचा वास यायला लागला, तर ती गंमत राहत नाही. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं रॅगिंगची व्याख्या वाढवली. भाषेवरून, जन्मस्थानावरून, राहत्या ठिकाणावरून, आर्थिक परिस्थितीवरून केलेला मानसिक छळही तिच्यात येतो. त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा नंबर आहे. बाकी अडचणींसाठी प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, आणि तिनं तक्रारीवर पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असा २०२३ चा नियम आहे. तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही. तरी वाट माहीत असू दे.

वर्गात तोंड उघडायचं तर सगळ्यांसमोर एकदम उठून बोलायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर सरांच्या किंवा मॅडमच्या मागोमाग स्टाफरूमच्या दारापर्यंत जा आणि एक प्रश्न विचार, एकच. सोळा जणांच्या वर्गाचा हा मोठा फायदा. पुण्या-मुंबईतल्या भरलेल्या वर्गात तू तीन महिने गप्प राहिलीस तर कुणाला कळणार नाही. इथं तुझ्या शिक्षकांना ते नक्की जाणवलं आहे. काय विचारावं हे त्यांना सुचत नसेल. आणि समाजशास्त्र शिकताना तुझ्याकडं जे आहे ते वर्गात दुसऱ्या कुणाकडं नाही. शेतीची कामं आटोपून कामासाठी बाहेर पडणारी आणि होळीला काही झालं तरी परतणारी माणसं, कोदो-कुटकीची शेती, १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेत आलेली आणि पुढं उठून दुसरीकडं वसलेली गावं, हे सगळं लोक पुस्तकात वाचतात आणि तू ते अंगणात पाहिलं आहेस. लघुशोधप्रबंधाचा विषय निवडायची वेळ येईल तेव्हा दूर जाऊ नकोस. घरच्या माणसांना प्रश्न विचार, कोरकूत विचार, मराठीत लिही.

आता गावी जाण्याचं. जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. जिचं घर डोंगरात आहे तिला सपाटीवर गुदमरतं. पण शुक्रवार दुपार ते सोमवार म्हणजे आठवड्याचा निम्मा जीव रस्त्यावर जातो, आणि हजेरी बुडाली की परीक्षेचा फॉर्म अडतो, शिष्यवृत्तीही अडते. दर तिसऱ्या आठवड्याला जा, शनिवारचा तास करून जा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैशापेक्षा तासांचा हिशेब कर. मधल्या दोन रविवारी खोलीत पडून राहू नकोस. तुझ्या त्या गावात धारणी-चिखलदऱ्याकडची आणखी पोरं असणार, शासकीय वसतिगृहात हमखास असणार. रविवारी संध्याकाळी दोन तास कोरकूत बोलायला मिळालं तर सोमवार सोपा जातो. होळीला मात्र खुशाल जा, पाचही दिवस. विभागप्रमुखांना आधी रजेचा अर्ज दे आणि कारणात ‘होळी’ असंच लिही. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना समजते, तुमची दिवाळी फाल्गुनात असते हे त्यांनाही कळू दे.

पुण्याचं थोडक्यात सांगते, नको. तिथली खोली, खानावळ, अभ्यासिका, क्लासची फी, या सगळ्याला आज तुझ्याकडं पैसा नाही, आणि पदवीच्या जोरावर परीक्षा द्यायची तर ती एम.ए. करता करताही देता येते. ज्या मनःस्थितीत तू आहेस त्या मनःस्थितीत आणखी मोठ्या, आणखी अनोळखी शहरात जाणं मला धोक्याचं वाटतं. मुक्त विद्यापीठाला मी कमी लेखत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं आहे, नोकरी करणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या किती तरी जणांच्या हातात त्यानं पदवी दिली. तुला ते हवं असतं तर मी आनंदानं हो म्हटलं असतं. पण त्या एका प्रश्नापलीकडं पत्रभर तू त्या विद्यापीठाबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस. सगळं पत्र या खोलीतून सुटण्याबद्दल आहे. निर्णय पहिल्या सत्राची परीक्षा देऊन झाल्यावर घे. तोवर वरची कामं झालेली असतील, आणि तेव्हाही जावंसं वाटलं तर तो निर्णय तुझा असेल, या खोलीचा नसेल.

राहिले बाबा. त्यांना वाटतंय तू होस्टेलवर आहेस. हे ओझं तू रोज उशाशी घेऊन झोपतेस आणि मग झोप येत नाही. पुढच्या खेपेला गेलीस की सांग. जेवताना नको, जेवण झाल्यावर, ते बाजेवर टेकले की. आधी सांग की जागा मिळाली नाही, मग सांग की अर्ज दिला आहे, आणि पोच दाखव. शिक्का असलेला कागद पाहिला की बापाचा जीव जरा थाऱ्यावर येतो. ते रागावतीलही. ते तुझ्या खोटं बोलण्यावर कमी आणि पोर एकटी कुढत राहिली यावर जास्त रागावतील.

एका दिवसात यातलं सगळं करायला जाऊ नकोस. आज रात्री १४४१६. उद्या बोनाफाईड. परवा बँक. त्यानंतरच्या कामाच्या दिवशी प्रकल्प कार्यालय, सकाळी उघडता उघडता, दोन प्रती घेऊन. सोबत त्या मऊ मुलीला ने, तिलाही एकदा कळू दे तू काय काय वाहते आहेस.

आणि मला परत लिही. मोठं पत्र नको. फोन लागला का ते, आणि अर्जावरचा आवक क्रमांक. तो मी माझ्या वहीत लिहून ठेवणार आहे.

तुझी,
ताई